औरंगाबादचा आमचा रॉक बँड (१९९१-९३) : ब्रास बँडचा ड्रमर आणि मांडववाल्याचा अँप्लिफायर

सहावी तार

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर 'मराठवाड्यात रॉक कुठून आलं' यावर बरीच चर्चा झाली आणि बहुतेकांचं म्हणणं असं पडलं की कॉन्व्हेंटची पोरं, केबल टीव्ही आणि पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणारे चुलत-मावस भाऊ यांच्यामुळे आलं. अर्धं खरंय. पण मी स्वतः १९९१ ते ९३ औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका बँडमध्ये गिटार वाजवत होतो आणि माझं ठाम मत आहे की आमचा बँड उभा राहिला तो लग्नातल्या ब्रास बँडमुळे, भीमगीतांच्या पार्ट्यांमुळे आणि मांडववाल्यांमुळे. कॅसेटी ऐकून हौस येते, पण वाजवायला माणसं लागतात, आणि ती माणसं शहरात आधीपासून होती. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. लांब होणार आहे, सांभाळून घ्या. नावं मुद्दाम कुणाचीच देत नाही.

ऐकायचा नाद कसा लागला ते थोडक्यात. डीप पर्पल, डायर स्ट्रेट्स, आयर्न मेडन यांच्या कॅसेटी फिरत फिरत यायच्या, कॉपीची कॉपी, वरच्या पट्टीतला आवाज सगळा गेलेला. मुंबईच्या रॉक मशीन या बँडची १९८८ ची कॅसेट मात्र ओरिजिनल मिळाली होती आणि आपल्याच देशातली पोरं स्वतःची गाणी लिहून वाजवतात हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं ते तिच्यामुळे. मग १९९० च्या ऑगस्टमध्ये मी आणि एक मित्र मुंबईला रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव ऐकायला गेलो, १९८६ पासून चालू होता तो. तेव्हा आपल्याकडं मीटर गेज, मनमाडला उतरून ब्रॉड गेजची गाडी पकडायची. परत येताना रात्रभर मनमाडच्या फलाटावर बसून आम्ही ठरवलं की बँड काढायचा. माझ्याकडं कलकत्त्याची गिवसन होती, साधी लाकडी, तिच्या भोकावर पिकअप बसवला होता. मित्र बेस वाजवणार होता. गव्हर्नमेंट इंजिनीअरिंगला होता, मूळचा औसा तालुक्यातला, हॉस्टेलवर राहायचा. ड्रमर नव्हता, आणि ड्रम सेट आमच्या ओळखीत कुणी जवळून पाहिलेलासुद्धा नव्हता.

आता ड्रमरचं सांगतो, कारण खरा बँड तोच. गुलमंडीवरून एक वरात चालली होती, आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. ब्रास बँडमध्ये साइड ड्रम वाजवणारा एक पोरगा होता, आमच्याच वयाचा, अंगात तो लाल कोट, आणि नाचणारे दमले की बाकीचे बँडवाले पण सुस्तावायचे पण हा थांबायचा नाही, मधल्या रिकाम्या जागेत स्वतःसाठी काहीतरी वाजवत राहायचा. त्याचा डावा हात उलटा होता, काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली, कारण ड्रम खांद्याला अडकवून चालताना तिरका लोंबतो, सरळ मुठीनं काठी पडतच नाही त्यावर. पुढं मला कळलं की जगातले जुने मोठमोठे जॅझ ड्रमर असाच हात धरायचे आणि त्याचं मूळही चालत्या मिलिटरी बँडमध्येच आहे. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, त्याच्या चुलत्यानं शिकवलं होतं तसा तो वाजवायचा. नागसेनवनाच्या बाजूला राहायचा, लग्नसराईत ब्रास बँड आणि एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी. आम्ही वरात संपेपर्यंत मागं चाललो आणि मग त्याला चहा पाजला. 'रॉक म्हणजे काय' असं त्यानं विचारलं, मी वॉकमन त्याच्या कानाला लावला, त्यानं एक गाणं पूर्ण ऐकलं आणि म्हणाला 'हे चारचंय, सोप्पंय, पण खालचा ढोल पायानं वाजवतोय का हा?'

तो खालचा ढोल पायानं वाजवायचा म्हणजे पेडल पाहिजे. चिकलठाणा एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्याकडं आम्ही मासिकातला फोटो घेऊन गेलो. त्यानं दाराची बिजागरी, लुनाच्या स्टँडची स्प्रिंग आणि पुढं नमद्याचा गोळा लावून पेडल बनवलं, पैसे घेतले नाहीत, म्हणाला वाजवून दाखवा. ब्रास बँडचा मोठा ढोल आडवा टाकला, तो पळू नये म्हणून पुढं दोन विटा. साइड ड्रम खुर्चीवर. हाय-हॅटचा स्टँड बनला नाही कधी, झांज नुसती टांगलेली. एवढ्यावर तो माणूस जे वाजवायचा ते मी नंतर पुण्या-मुंबईत महागड्या सेटवर ऐकलेलं नाही.

गायक शहागंजचा. घरात कव्वाली, खुलताबादला उरुसाला त्याचे वडील आणि काका बसायचे गायला. त्याला माइकची गरजच नव्हती. इंग्लिश गाणी त्याला पटायची नाहीत, म्हणायचा 'भाई, जो बात समझ में नहीं आती वो मैं कैसे गाऊं'. त्याचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच आम्ही स्वतःची गाणी करायला लागलो, मराठी आणि दखनी मिसळून.

प्रॅक्टिस उस्मानपुऱ्यात एका मांडववाल्याच्या गोडाउनमध्ये. चहूबाजूंनी कनाती, सतरंज्या, गाद्यांच्या थप्प्या. आवाज त्यात मुरायचा, बाहेर कमी जायचा आणि आत एकदम कोरडा स्वच्छ ऐकू यायचा. नंतर पुण्यात पहिल्यांदा स्टुडिओत गेलो तेव्हा भिंतींवर जे लावलेलं दिसलं ते हेच काम करत होतं. भाडं म्हणून आम्ही लग्नसराईत त्याच्या खुर्च्या उचलायचो.

अँप्लिफायर त्याचाच, अहुजाचा, लग्नात 'वधूच्या मामांनी स्टेजवर यावं' म्हणायला वापरतात तो. गिटारचा अँप वेगळा असतो हे आम्हाला माहीत होतं पण परवडत नव्हतं. मी पिकअपची वायर सरळ माइकच्या सॉकेटमध्ये घातली. माइकचा सिग्नल अगदी बारीक असतो, पिकअपचा त्यापेक्षा कितीतरी मोठा, मग आतलं सर्किट तो पेलू शकत नाही आणि लाटेचे शेंडे कापले जातात. तो जो फाटका खरखरीत आवाज येतो त्यालाच तर डिस्टॉर्शन म्हणतात, त्यासाठी लोक गिटारला जोडायचं वेगळं पेडल विकत घेतात. आम्हाला आयता मिळाला. भोंग्यातून मात्र बेस येतच नाही, भोंगा खालचे सूर काढूच शकत नाही, म्हणून बेससाठी पंधरा इंची स्पीकरचा खोका मांडववाल्यानं वेगळा दिला.

शॉक पण बसायचे. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकला लागले की सण्णकन. दोन अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डावर, अर्थिंग कुठंच धड नाही, मग दोघांच्या बॉडीत व्होल्टेजचा फरक पडतो आणि मधे तुमचं तोंड. सगळ्या मशिनी एकाच बोर्डावर आणून, बाहेर खड्ड्यात मीठ-कोळसा-पाणी घालून सळई ठोकून मांडववाल्याच्या वायरमननं तो प्रॉब्लेम सोडवला. तोवर गायक माइकला रुमाल बांधून गायचा. आजच्या पोरांनी हे वाचून घ्यावं, गावच्या स्टेजवर अजूनही असं होतं आणि जीव जाऊ शकतो.

कार्यक्रमांबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता हात दुखायला लागले.

गुलमंडी

जबरदस्त!! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). तो लाल कोट डोळ्यासमोर आला. आमच्या गल्लीतच बँडवाल्यांची दुकानं होती, संध्याकाळी ट्रम्पेटची प्रॅक्टिस चालायची, आई वैतागायची.

जुना रेडिओ

छान लिहिताय, पण एक मुद्दा मांडतो. भारतात रॉक १९९० ला आलेलं नाही. साठच्या दशकात मुंबई, कलकत्ता, मद्रासला बीट ग्रुप होते. १९७० आणि ७१ ला सिमला सिगारेटवाल्यांनी ऑल इंडिया सिमला बीट कॉन्टेस्ट घेतली, देशभरातले बँड त्यात होते, दोन्ही वर्षांच्या एलपी निघाल्या. १९७१ लाच लोणावळ्याजवळ मळवलीला स्नेह यात्रा नावाचा उघड्यावरचा फेस्टिवल झाला. मी तेव्हा औरंगाबादला शिकत होतो, आमच्यापर्यंत यातलं काही पोचायचं नाही, रेडिओ सिलोनवर जे लागेल ते. अजिंठा-वेरूळला येणारे परदेशी तरुण मात्र गिटार घेऊन फिरताना दिसायचे, स्टेशन रोडच्या यूथ हॉस्टेलवर उतरायचे. तेव्हा मुळं शोधायची तर जरा मागं जावं लागेल तुम्हाला.

सहावी तार

@जुना रेडिओ, सर, अगदी मान्य. सिमला बीटच्या त्या रेकॉर्डी मी नंतर ऐकल्या, त्यातले काही गिटारवाले तेव्हाच्या विलायती बँडच्या तोडीस तोड आहेत. पण तुमच्याच बोलण्यातून माझा मुद्दा पुढं जातो बघा. ७१ ला संगीत मळवलीपर्यंत आलं आणि मराठवाड्यात आलं नाही. वीस वर्षांनी आलं ते कुणाच्या हातून वाजलं हा माझा प्रश्न आहे.

बरं, कार्यक्रम. पहिला एका कॉलेजच्या गॅदरिंगला. पहिली दोन इंग्लिश गाणी लोकांनी शांतपणे ऐकली, टाळ्या बेताच्या, मागून 'हिंदी लावा' म्हणून आरडाओरडा. तिसरं आमचं टँकरचं गाणं होतं. शहराला जायकवाडीचं पाणी यायचं तेही दिवसाआड, आणि खेड्यात तर उन्हाळा म्हणजे टँकरच. 'टँकर आला, टँकर आला, हंडा कुणाचा पहिला' असा धृपद होता. इथं ड्रमरनं ऐनवेळी चारचा ठेका सोडला आणि सहाचा धरला, आपल्या गोंधळात, जयंतीच्या गाण्यांत चालतो तसा झुलता, आणि माझी तीच फाटकी गिटार त्यावर. सगळं सभागृह उभं. मला त्या वेळी कळलं की लोकांना गिटारचा राग नव्हता, त्यांना पाय हलवायला जागा पाहिजे होती. त्यानंतर आमची निम्मी गाणी सहातच झाली.

पाचव्या गाण्याला कुणीतरी वरिष्ठांनी मेन स्विच पाडला. कारण सांगितलं नाही. गायकानं अंधारात तसंच म्हटलं, ड्रमरला तर विजेची गरजच नव्हती.

जालना रोड

मी होते त्या गॅदरिंगला!! तेव्हा बारावीला होते. लाईट गेली तेव्हा आम्ही मुलींच्या बाजूनं टाळ्यांचा ठेका धरला होता, तुम्हाला स्टेजवर ऐकू आला का माहीत नाही. एक विचारायचं होतं, तुमच्यात मुलगी कुणी नव्हती का कधी? मी स्वतः सिंथेसायझर वाजवायचे, विशारद पण केलं, पण बँड वगैरे घरी बोलायचीच सोय नव्हती.

सहावी तार

@जालना रोड, ताई, ऐकू आला होता! त्यावरच तर गाणं पुढं चाललं. मुलगी एक होती, कॅसिओवर, गोडाउनमध्ये काही आठवडे आली. डिसेंबर ९२ ला बाबरी पडली, त्यानंतर घरचे कुणालाच संध्याकाळी बाहेर सोडेनात, आणि तिचं येणं थांबलं ते थांबलंच. तिनं टँकरच्या गाण्याची मधली धून बांधली होती, ती आम्ही शेवटपर्यंत तशीच वाजवली, मी गिटारवर. माझ्यापेक्षा तिची समज जास्त होती हे आज मोकळेपणानं सांगतो. तुमच्यासारख्या किती जणी घरात राहिल्या असतील याचा हिशेब कुठंच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

परभणीकर

लई भारी लिवायलेत दादा. ठेक्याचं एकदम खरंय. आमच्याकडं हलगीवाले वाजवायच्या आधी शेकोटीवर हलगी तापवतेत, कातडं ताणलं की आवाज कडक येतो. ते पोट्टे एकदा टिपरू मारायले की मग कोणता ड्रमसेट बी त्याच्यापुढं टिकत नाही. मला एक सांगा, ब्रास बँडचे बाकीचे लोक कामून घेतले नाहीत? ट्रम्पेट, क्लॅरनेट?

सहावी तार

@परभणीकर, घेतला होता ना, ट्रम्पेटवाला! मधले काही महिने आम्ही पाच जण होतो. आणि यात एक फार गमतीची तांत्रिक गोष्ट झाली जी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गिटारवर सोपी पट्टी म्हणजे ई, ए, कारण मोकळ्या तारा त्याच सुरात लागतात. ट्रम्पेट, क्लॅरनेट बी फ्लॅटची वाद्यं, त्यांना ई मध्ये वाजवणं म्हणजे बोटांचे हाल. ट्रम्पेटवाला जाणता माणूस, वयानं आमच्या दुप्पट, आम्ही चाचा म्हणायचो. दोन दिवस त्यानं सहन केलं मग म्हणाला 'बेटा, तार ज़रा ढीली कर'. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या, म्हणजे ई ची झाली ई फ्लॅट, पेटीच्या भाषेत काळी दोन. आता ट्रम्पेटला ती एफ ची पट्टी पडते, त्यांची रोजची, सगळी लग्नाची गाणी त्यातच. शिवाय तार ढिली झाल्यामुळे तुटायची कमी, आणि तार तुटली की मुंबईहून, धोबी तलावाहून कुणी आणेपर्यंत बसून राहायला लागायचं, त्यामुळे हा मोठाच फायदा. आवाज पण जाड झाला. नंतर वाचण्यात आलं की बाहेरचे कितीतरी नामांकित गिटारवाले तार अर्धा सूर उतरवूनच वाजवतात. मी आजही काळी दोनलाच लावतो.

चाचा लग्नसराई सुरू झाली की गायब, कारण त्यांचं घर त्यावर चालायचं. आम्ही त्यांना काही देऊ शकत नव्हतो.

लातूरकर

सुंदर धागा. ९३ ला बंद पडला म्हणता. बेसवाला औसा तालुक्यातला म्हणालात म्हणून विचारतो... किल्लारी?

सहावी तार

@लातूरकर, होय.

२९ सप्टेंबरला रात्री आम्ही एका गणेश मंडळाच्या मिरवणुकीत मॅटाडोरवर वाजवलं, विसर्जन होऊन उशिरा झोपलो. पहाटे ३:५६ ला तिकडं सगळं झालं होतं. सकाळी रेडिओवर ऐकलं, बेसवाला हॉस्टेलवरच होता, सणाला गावी गेला नव्हता कारण आमचा कार्यक्रम होता. ज्या मॅटाडोरवर रात्री भोंगे बांधले होते तिच्यातच दुपारपर्यंत ज्वारी, चादरी, चपात्यांचे गठ्ठे भरून मांडववाल्यानं ती पाठवली, कनाती पण दिल्या, तिकडं निवाऱ्याला. आम्ही चौघं तिच्यातच गेलो. तिथलं मी फार लिहिणार नाही. तुम्हाला माहीतच आहे, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, लोक झोपेत होते. त्याचं घर पडलं होतं, आजी गेली, बाकीचे वाचले. तो तिथंच राहिला आणि वर्षभर कॉलेजला आला नाही.

पण भूकंपानं बँड संपवला असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. संपवला पैशानं. दोन वर्षांत आम्हाला मानधन म्हणून जे मिळालं त्यात तारासुद्धा निघत नव्हत्या. ऑर्केस्ट्रावाल्यांना बोलावणी यायची कारण ते फर्माईश पुरी करायचे, आणि त्यात चूक काहीच नाही, लोक पैसे देऊन आवडीचं मागणारच. ऐकवायला दुसरी जागाच नव्हती, तिकीट लावून रॉक ऐकणारं गिऱ्हाईक नव्हतं. त्याच वर्षी अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल निघायला लागलं होतं, एक अंक आमच्या हाती आला दिवाळीच्या सुमारास, आणि आपल्यासारख्याच आडगावातून कुणी हे करतंय म्हणून फार बरं वाटलं होतं. तो अंक दोन वर्षं आधी आला असता तर पत्र पाठवून कुणाशी तरी जोडले गेलो असतो, असं अजून वाटतं. तोवर मला वाळूजला नोकरी लागली होती. गायक सौदीला गेला. ड्रमर १४ जानेवारी ९४ ला, नामविस्तार झाला त्या रात्री, विद्यापीठ गेटवर भीमगीतांच्या पार्टीत वाजवत होता, मी ऐकायला गेलो होतो. तेवढ्या गर्दीत तो काय वाजवत होता! आमच्या टँकरच्या गाण्यातला मधला तुकडा त्यानं ढोलकीवर जसाच्या तसा घातला, मला पाहून नाही, मी त्याला दिसलोच नव्हतो.

गुलमंडी

अंगावर काटा आला. रेकॉर्डिंग काही आहे का हो?

सहावी तार

एक टीडीकेची साठची कॅसेट आहे, टू-इन-वनच्या आतल्या माइकवर गोडाउनमध्ये केलेली. तीस वर्षांत लावली नाही, फिती तुटतील या भीतीनं. कुणाला कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेण्याचा अनुभव आहे का?

जुना रेडिओ

माझ्याकडं शेकडो आहेत, सांगतो. एकदम प्ले करू नका. कॅसेट उघडी करून आधी मधली छोटी स्पंजची गादी बघा, फीत हेडला दाबते ती. बहुतेक वेळा तिचा गोंद सुकून ती पडलेली असते, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधली काढून बसवा. मग पेन्सिल घालून हातानं फिरते का पाहा, अडकत नसेल तर एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळा. डेकचा हेड आणि रबरी रोलर साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल, रोलरला नुसतं ओलं फडकं. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी किंचित फिरवून ट्रेबल जास्तीत जास्त येईल तिथं ठेवा, कारण तुमच्या टू-इन-वनच्या हेडचा कोन वेगळा असणार. डेकच्या लाइन आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नको, आणि एमपी३ न करता आधी वेव्ह फाइलच करून ठेवा. नॉइज काढायची घाई करू नका, मूळ फाइल तशीच जपा. टू-इन-वनचा वेग कमीजास्त असतो तेव्हा पट्टी सरकलेली निघेल.

सहावी तार

@जुना रेडिओ, सर, फार फार आभार. पट्टीचं काळजी नाही, ट्रम्पेट आहे त्यात, काळी दोनला आणून लावता येईल. डेक माझ्याकडं नाही पण ड्रमरकडं आहे, त्याचा मुलगा आता साउंडचंच काम करतो, जयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकींना. फोन केला होता आत्ता. म्हणाला, या रविवारी घेऊन या, आणि पप्पांचं म्हणणंय की गिटार पण आणा.